खाली फक्त समुद्र

आमच्या आप्पांच्या लेखी जगात दोनच तऱ्हेचे बंधारे होते. एक गळके आणि दुसरे आप्पांनी बांधलेले. ज्यांनी आमच्या कोल्हापूरकडचा बंधारा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नदीत दगडी खांबांची रांग असते, खांबांना खाचा असतात, आणि पावसाळा सरला की त्या खाचांत एकावर एक आडव्या फळ्या बसवतात. या फळ्यांना आम्ही बरगे म्हणतो. बरग्यांच्या दोन रांगा लावायच्या, मधल्या पोकळीत चिकणमाती ठासून भरायची, की पाणी अडलं. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढले की नदी मोकळी. ऐकायला सोपं वाटतं, पण एखादा बरगा वाकडा बसला किंवा माती ठासायला कुणी अंगचोरपणा केला, तर बंधाऱ्याला जागोजागी पाझर फुटतात. आप्पा, म्हणजे माझे वडील, पाटबंधाऱ्याच्या कामावर ओव्हरसियर होते. दुसऱ्या कुणी घातलेल्या बंधाऱ्यावरून आम्ही सायकलवर डबलसीट जात असलो, तर ते हमखास उतरायचे, खाली वाकून बघायचे आणि म्हणायचे, "ह्ये काय काम हाय? नदीला चाळण लावलीया नुसती."

आमचं मूळ गाव कुरुंदवाड. नदीच्या वरच्या अंगाला जितकी गावं, तितके बंधारे, आणि आम्ही त्या सगळ्यांच्या खाली. उन्हाळ्यात वरच्या गावांनी बरगे घट्ट लावले की आमच्या घाटाच्या पायऱ्या कोरड्या पडायच्या. माझे आजोबा शेवटच्या कोरड्या पायरीवर उभे राहून वरच्या गावाच्या नावानं अशा शिव्या द्यायचे की आई मला हाताला धरून घरात न्यायची. पाणी अडवणाऱ्यांचा राग करत आप्पा मोठे झाले आणि पाणी अडवण्याच्या कामाला लागले. यात काही विसंगत आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. मलाही नाही, पुष्कळ वर्षं.

मी आठवीत होते तेव्हा आप्पा प्रतिनियुक्तीवर अंदमानातल्या एका लहान बेटावर गेले. तिथल्या वस्तीचा पाणीपुरवठा त्यांच्याकडे होता. आम्ही मद्रासहून बोटीनं गेलो. आईनं बरोबर घेतलेलं सामान मला आजही क्रमानं सांगता येतं, कारण तिनं ते बोटीवर चढेपर्यंत माझ्याकडून पुन्हापुन्हा म्हणवून घेतलं होतं: जोंधळ्याचं पोतं, तूरडाळीचं पोतं, कांदा-लसूण चटणीच्या दोन बरण्या, गुळाची ढेप, लोखंडी तवा, काटवट, आणि तिच्या हुपरीच्या माहेरचे चांदीचे पैंजण, जे पेटीत राहिले ते राहिलेच. याद्या करायची माझी सवय तिथली. आता मुलं हसतात, पण एवढं घर मी यादीवरच चालवलं आहे.

आमचं क्वार्टर पत्र्याचं होतं आणि त्याच्या मागच्या दारात खाडी. डोंगरातून एक नाला यायचा, वस्तीच्या वरच्या बाजूनं वळसा घालायचा आणि थोड्याच अंतरावर खाडीला मिळायचा. भरतीला खाडी आमच्या विहिरीच्या पलीकडच्या काठापर्यंत चढायची, ओहोटीला तिथंच काळाभोर चिखल उघडा पडायचा आणि खारफुटीची मुळं बोटांसारखी वर आलेली दिसायची. ओहोटी लागली की त्या चिखलातून आवाज सुरू व्हायचा. चट्, चट्, चट्. फोडणीत मोहरी तडतडावी तसा, पण चहूबाजूंनी आणि अखंड. पहिल्या दिवशी आई पळीच हातात घेऊन बाहेर आली होती. चिखलात राहणारी एक बारकी कोळंबी नांगी मिटून तो आवाज करते, हे मला फार पुढं कळलं. तेव्हा आम्ही म्हणायचो, खाडी तडतडायला लागली, चला, ओहोटी आली.

खाडीच्या काठावर आमची एकच शेजारीण होती, मासी. बंगालमधून तिथं वसवलेल्या कुटुंबांपैकी. नवरा जंगलतोडीच्या कॅम्पवर, महिन्यामहिन्यानं यायचा. मासी आणि तिची मुलगी शेफाली, माझ्याच वर्गातली, लहान होडीतून खाडीत जायच्या. कोळंबी, खेकडे, जाळ्यात येईल ते मासे बाजारात विकायच्या. त्यांच्या झोपडीचं छप्पर धानी पत्तीचं होतं. खाडीच्या आतल्या टोकाला, जिथं नाल्याचं गोडं पाणी खाऱ्यात मिसळतं, तिथंच ही बुटकी, रुंद झावळ्यांची झाडं वाढतात. सगळ्या वस्तीची छपरं तिचीच.

आईचं हिंदी आणि मासीचं हिंदी यांत हिंदी कमीच असायचं. "मासी, बैठो की. चा पिके जाव," असं आई म्हणायची आणि मासी पाट ओढून बसायची. मासी कोळंबी द्यायची, आई चटणी द्यायची. पहिल्यांदा चटणी खाल्ली तेव्हा मासीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "दीदी, ये क्या तुम लोग बच्चा को भी देता है?" तिनं विचारलं. "बच्चे को देके तो बडा करते," आई म्हणाली. पुढच्या आठवड्यात मासी रिकामी वाटी घेऊन हजर. आईनं त्या कोळंबीचा तांबडा रस्सा करायला सुरुवात केली आणि आप्पा म्हणू लागले, हितंच ऱ्हावं आता.

दुसऱ्या वर्षी पाऊस लवकर आटपला. तिथं दिवाळीनंतरही सरी येत राहतात, नाले त्यांवर उन्हाळा काढतात. त्या वर्षी त्या आल्याच नाहीत. चहूकडे समुद्र, हिरवंगार जंगल, आणि नळाला पाणी नाही. दुष्काळ म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढं भेगाळलेली रानं यायची. इथं सगळं हिरवंच दिसत होतं, त्यामुळं पहिले काही आठवडे कुणाला भीती वाटली नाही. मग टाकीचा तळ दिसला. बाजारात हंडे वाजायला लागले. पोर्ट ब्लेअरहून बोटीनं पाणी येणार अशी नुसती बोलणी चालली होती.

आप्पांनी जे केलं ते कोल्हापूरच्या माणसानंच केलं असतं. त्यांनी नाल्यावर बंधारा घातला. खाडीला मिळण्याच्या जरा अलीकडं नाला अरुंद होता. तिथं त्यांनी खांब उभे केले, वखारीतून तिथल्या पडाऊक लाकडाच्या तांबूस फळ्या कापून आणल्या आणि बरगे बसवले. चिकणमाती स्वतः पायानं तुडवली. मी आणि शेफाली घमेली देत होतो. सगळं झाल्यावर आप्पा बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला, कोरड्या पात्रात उतरले आणि प्रत्येक सांध्यावरून हात फिरवला. मग कोरडा तळहात वर करून आम्हाला दाखवला. "बघ मंगे. थेंब न्हाय. ह्येला म्हणायचं बंधारा."

पाणी साठलं, पंप लागला, टाकी भरली. रोज सकाळी तासभर नळ यायला लागले. बाजारातून जाताना लोक आप्पांना हाक मारून चहा पाजायचे. "कोल्हापूर का साहब" हे त्यांचं नावच पडलं. आप्पा साधे होते, पण त्या दिवसांत त्यांची मान जरा ताठ झाली होती हे मी पाहिलं आहे. आईनं एकदा विचारलं होतं, सगळंच अडवलंत, खाली काय? आप्पा हसले. "खाली कोण हाय? खाली फकस्त समुद्र. त्येला काय पाण्याची कमी हाय व्हय?"

पुढं जे झालं ते इतकं हळूहळू झालं की ते केव्हा सुरू झालं हे सांगता येणार नाही. आज मागं वळून क्रम लावते तेव्हा पहिला येतो तो आवाज. खाडी तडतडायची कमी झाली. आधी आतल्या टोकाला, मग आमच्या मागच्या दाराशी. ओहोटी लागलेली कळेना. मग चिखलाच्या वरच्या कडेला पांढरा थर धरू लागला, भाकरीवर पीठ राहावं तसा. शेफालीनं बोट लावून चाखलं, मीठ. खारफुटीची पानं पिवळी पडून गळू लागली. धानी पत्तीच्या झावळ्या टोकाकडून तपकिरी होत गेल्या. कोळंबी आधी बारीक झाली, मग यायचीच बंद झाली. खेकडे फोडले तर आत नुसतं पाणी.

यावर सगळ्यांचं एकच म्हणणं होतं: दुष्काळ आहे. मासीही तेच म्हणायची. पाऊस नाही तर खाडी बिघडणारच, तिच्या लहानपणी गावाकडंही असंच झालं होतं, पुढच्या पावसात सुधारेल. आप्पाही तेच म्हणायचे. आणि ते खोटं नव्हतंच. म्हणूनच तर कुणी पुढचा प्रश्न विचारला नाही.

एका दुपारी मासी पाटावर बसली, पण चहाला हात लावला नाही. "जाल में खाली पत्ता आता है, दीदी," ती म्हणाली. नवऱ्याचा निरोप आला होता की कॅम्पजवळ स्वयंपाकाचं काम आहे, तिकडंच या. ते दुसऱ्या बेटावर होतं. तिथं शाळा नव्हती. शेफाली दारात उभी राहून ओढणीचं टोक चावत होती. मी तिच्याकडं पाहिलं तर तिनं मान फिरवली. पुढच्या बोटीनं जायचं ठरल्यातच जमा होतं. आईनं मासीचा गार झालेला चहा उचलून आत नेला. तिच्या डोक्यात काहीतरी चालू आहे, हे मला कळलं.

त्याच संध्याकाळी डाळ शिजली नाही. तूरडाळ, आमचीच, हुपरीहून पुन्हा पार्सलनं आलेली. आईनं दोनदा पाणी घातलं, लाकडं सारली, डाळ तशीच टणक. आप्पा ताटावर बसून होते. "जुनी आसंल डाळ," ते म्हणाले.

"डाळ न्हवं, पाणी," आई म्हणाली. तिनं विहिरीचं पाणी तोंडात घेतलं, खुळखुळवलं आणि मोरीत थुंकलं. नळाचं पाणी आम्ही फक्त प्यायला ठेवायचो, स्वयंपाक विहिरीवर. "हिरीत मीठ आलंया."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी लागल्यावर आईनं लुगड्याचा काचा मारला, तांब्या घेतला आणि मला म्हणाली, चल. आम्ही खाडीच्या काठानं वर निघालो. मासी आणि शेफालीही मागून आल्या. आई थोडंथोडं चालायची, वाकून तांब्या बुडवायची, चाखायची, थुंकायची. मासीच्या घाटाशी खारट. धानी पत्तीच्या झाडांशी खारट. "इधर तो मीठा रहता था, हम घड़ा भरता था," मासी म्हणाली आणि स्वतः चाखून बघितल्यावर तिनं तोंड वाकडं केलं. असं करत आम्ही थेट बंधाऱ्याच्या पायथ्याशी पोचलो. तिथं भरतीचं पाणी एका डबक्यात अडकून राहिलं होतं. आईनं चाखलं. ते सगळ्यांत खारट होतं. वर तापलेलं, आटलेलं, आणि त्यात घालायला गोडं पाणी कुठूनच नाही.

मग आई खांबाला धरून बंधाऱ्यावर चढली आणि पलीकडं तांब्या बुडवला. पलीकडं छातीभर पाणी होतं. निवळ, हिरवं, झाडांची सावली पडलेलं. ती प्यायली. मासीला दिलं, मला दिलं. ते पाणी मला आजही आठवतं, गार आणि जरा पाल्याच्या वासाचं. अलीकडं मीठ, पलीकडं गोडं, आणि मध्ये आप्पांच्या दोन फळ्या आणि हातभर माती. एक थेंब गळत नव्हता.

मासीनं त्या फळ्यांच्या सांध्यावरून हात फिरवून पाहिला. ती आप्पांवर चिडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "साहब ने बहुत पक्का बनाया, दीदी."

आप्पा जेवायला आले तेव्हा आईनं ताट वाढलं नाही. आधी सगळं सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि मग त्यांचा आवाज चढला. "मग काय करू? सोडून दिऊ? टाकी कोण भरणार? उद्या नळ आला न्हाय तर लोकं दारात येतील."

"येऊ द्यात. पर हिकडं बी लोकंच ऱ्हात्यात न्हवं?"

"दोन माणसं आनि चार खेकडी! तिकडं आख्खी वस्ती हाय."

"आन् वस्तीच्या हिरी? आज आपली खारट झाली, उद्या बाजारातली हुईल. तवा काय कराल?"

"दुष्काळ हाय, त्येला मी काय करू?"

"दुष्काळ देवानं दिला," आई म्हणाली. "बरगं तुमी घातलासा." आणि मग ते वाक्य, जे तिनं बहुतेक सकाळपासून तोंडात धरून ठेवलं होतं. "मामंजी घाटावर हुबं ऱ्हाऊन कुणाला शिव्या देत हुते, आठवतंय का? वरच्या गावाला. आता तुमीच वरचं गाव झालासा."

आप्पा उठले. त्यांनी चपला घातल्या आणि न जेवता निघून गेले. मला वाटलं, ऑफिसला गेले. मागच्या खिडकीतून पाहिलं तर ते खाडीच्या काठानं वर चालले होते, मध्येमध्ये वाकून ओंजळीनं पाणी चाखत. भर उन्हात, इस्त्रीच्या पँटीत, चिखलातून.

परत आले ते थेट मासीच्या झोपडीशी. आई आणि मीही मागोमाग गेलो. साहेब लोक तिथं जात नसत. अंगणात उभं राहून त्यांनी विचारलं, ओहोटी सगळ्यांत खाली केव्हा जाते? मासीनं आधी आईकडं पाहिलं. मग सांगितलं: अमावास्येच्या आसपास, दुपारच्या वेळी, आतलं टोक पार रिकामं होतं. त्याच वेळी सोडलेलं थोडं पाणीही लांबपर्यंत पोचेल, भरतीवर सोडलं तर वाया जाईल, हा हिशेब आप्पांचा. ते बोलत असताना मासी मध्येच म्हणाली, नुसतं एकदा सोडून काय होणार, रोज थोडं लागेल. आप्पा म्हणाले, रोज थोडंच सोडायचं. पाणी सोडण्याचा विचार त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा केला होता, आणि तोही असा बारकाईनं, नट-बोल्ट कसल्यासारखा.

अमावास्येच्या दुपारी आप्पांनी दोन्ही रांगांतला एकेक बरगा कापला. काढला नाही, कापला, म्हणजे पुन्हा मोह झाला तरी बसवता येऊ नये. करवतीनं त्यांत हात जाईल एवढी खाच केली, मधली माती उकरली, आणि पाणी आलं. मोठा लोंढा वगैरे नाही. घागर कलती केल्यावर येतं तेवढंच, पण अखंड. ते डबक्यात पडलं, डबकं भरून चिखलातल्या चरातून वळवळत खाली निघालं. शेफाली त्याच्याबरोबर पळत गेली आणि लांबून ओरडली की धानी पत्तीपर्यंत आलं.

पुढचे दिवस वाईट गेले. नळ एक दिवसाआड झाला. ज्यांनी चहा पाजला होता तेच लोक बंधाऱ्यावर येऊन ती खाच बघायचे आणि म्हणायचे, साहब, पानी समुंदर में फेंक रहे हो? माथा फिर गया क्या? बाजारात दुकानदार आईला सगळ्यांच्या शेवटी माल द्यायचे. वर तक्रारी गेल्या. आप्पांना समजावता यायचं नाही, त्यांचा तो पिंड नव्हता. ते एवढंच म्हणायचे, "खाली कोणतरी हाय." हे ते मराठीतच म्हणायचे, त्यामुळं समोरच्याला काहीच कळायचं नाही. पावसाळ्याआधीच त्यांची प्रतिनियुक्ती आटोपती घेण्यात आली.

पुढं कॉलेजात खाडीबद्दल वाचलं तेव्हा लक्षात आलं की आप्पांचं पाणी म्हणजे फार थोडं होतं. दुष्काळात खाडी समुद्राच्या बाजूला झुकते, खारावत जाते, ती एका खाचेनं सरळ होत नाही. कोळंबी त्या वर्षी आलीच नाही. धानी पत्तीची बरीच झाडं मेली. पण आमची बोट निघायच्या आधीच्या आठवड्यात आई मागच्या दारात तांदूळ निवडत बसली होती आणि एकदम तिनं हात थांबवला. मी तिच्याजवळ गेले. आतल्या टोकाकडून, अगदी तुरळक, आवाज येत होता. चट्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा चट्, चट्. निघायच्या दिवशी मासी धक्क्यावर निरोपाला आली होती, शेफाली तिच्या बाजूला शाळेच्या गणवेशात. त्या कॅम्पवर गेल्या नव्हत्या. मासी आईच्या हातात सुकटीची पुडी देत म्हणाली, जाल में अब पत्ता कम आता है. त्यापेक्षा जास्त काही सुधारलं असं मी म्हणणार नाही.

आता आप्पा थकले आहेत. मी कोल्हापुरात असते, महिन्यातून एकदा त्यांना गाडीत घालून कुरुंदवाडला नेते. आई नाही. जाताना वाटेत एका बंधाऱ्याशी ते गाडी थांबवायला लावतातच. आता बरगे लोखंडी असतात. गेल्या खेपेला उन्हं कलली होती, दिवाळी होऊन गेली होती, नुकतेच बरगे घातले होते. आप्पांना खाली वाकता येत नाही, नजरही गेली आहे. ते कठड्याला धरून उभे राहिले आणि मान तिरकी करून ऐकू लागले. खालून पाणी पडल्याचा बारीक आवाज येत होता.

"गळतंय न्हवं?" त्यांनी विचारलं.

"व्हय आप्पा. दोन-तीन ठिकाणी गळतंय. सांगू का कुणाला?"

ते पुन्हा थोडा वेळ ऐकत राहिले. मग काठी टेकत गाडीकडं वळले.

"नको," ते म्हणाले. "गळू दे."